दुर्मीळ बर्बन: किंमत आणि चव यांची गल्लत नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील दुर्मीळ बर्बन व्हिस्कीविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. पॅपी व्हॅन विंकलच्या एकेका बाटलीला मिळणाऱ्या हजारो डॉलरच्या भावाचे त्यात सविस्तर वर्णन आहे. अशा बाटल्या ही चांगली गुंतवणूक असून सर्वांत महाग बाटली चवीलाही सर्वांत श्रेष्ठ असते, असा लेखाचा एकूण सूर आहे. मी बरीच वर्षे केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात राहतो, बर्बन आवडीने आणि बेताने पितो, आणि इथल्या जाणकार शौकिनांच्या संगतीत त्यांच्या आवडीनिवडी जवळून पाहत आलो आहे. त्या आधारावर मी खात्रीने सांगू शकतो की बर्बनची चव धान्य, यीस्ट, लाकूड आणि गोदाम यांवर ठरते, तर किंमत टंचाई आणि वितरणाच्या व्यवस्थेवर ठरते. या दोन गोष्टींची गल्लत केल्याने वाचकांचे पैसे जातात, आनंदही जातो, आणि काही वेळा कायदाही मोडला जातो.

आधी चवीविषयी लिहितो, कारण लेखात नेमके तेच राहून गेले आहे. बर्बन कशाला म्हणावे हे अमेरिकेच्या कायद्याने बारकाईने ठरवून दिले आहे. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनात मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. पिंप नवे कोरे, ओकच्या लाकडाचे आणि आतून जाळून कोळसा केलेले असावे. आणि रंगासाठी किंवा चवीसाठी बाहेरचे काहीही मिसळू नये. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला त्या देशाचे खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. या सगळ्या अटींत नव्या, जाळलेल्या पिंपाची अट चवीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. कोळशाचा थर गाळणीचे काम करतो आणि त्याच्या मागच्या भाजलेल्या लाकडातून व्हॅनिला, खरपूस साखर, खोबरे, मसाले अशा छटा मद्यात उतरतात. केंटकीतला उन्हाळा कडक आणि हिवाळा गोठवणारा असल्यामुळे पिंपातले मद्य दरवर्षी लाकडात शिरते आणि पुन्हा बाहेर येते. उंच गोदामाच्या वरच्या मजल्यावरचे पिंप आणि तळमजल्यावरचे पिंप एकाच दिवशी भरलेले असले, तरी काही वर्षांनी त्यांची चव निराळी झालेली असते.

इथे आपल्याकडच्या स्कॉचप्रेमींची हमखास फसगत होते. स्कॉच बहुधा आधी वापरलेल्या पिंपांत आणि थंड हवेत मुरते, त्यामुळे तिच्या बाबतीत १८ किंवा २५ वर्षे हा आकडा प्रतिष्ठेचा ठरला आहे. बर्बनला तोच मापदंड लावणे चुकीचे आहे. नव्या लाकडात आणि केंटकीच्या उष्णतेत २० वर्षे राहिलेले मद्य कडवट, तुरट आणि केवळ लाकडाच्या चवीचे होण्याचा धोका मोठा असतो. अशा वयातही समतोल राखलेली पिंपे निघतात, पण ती थोडी असतात आणि कुशल हातांनी निवडावी लागतात. माझ्या परिचयातल्या मुरलेल्या शौकिनांपैकी बहुतेकांची मनापासूनची पसंती ८ ते १२ वर्षांच्या बर्बनला आहे, आणि माझीही तीच आहे.

मक्यानंतर दुसरे धान्य कोणते, यावर शौकिनांचे दोन पंथच आहेत. राय हे धान्य वापरले की मिरीचा तिखटपणा, पुदिन्यासारखी थंड झाक आणि कोरडा शेवट मिळतो; रायऐवजी गहू वापरला की मद्य मऊ आणि गोडसर लागते. मेकर्स मार्क गव्हाचे, वाइल्ड टर्की रायचे. फोर रोझेस या कंपनीने तर या शास्त्राचा कळस केला आहे: धान्याची दोन मिश्रणे आणि यीस्टचे पाच प्रकार यांच्या मेळातून ती दहा वेगवेगळी बर्बन तयार करते. एका मिश्रणात राय २० टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के. एका यीस्टने फळांचा गंध येतो, दुसऱ्याने फुलांचा, तिसऱ्याने मसाल्याचा. एकेका पिंपातून भरलेल्या त्यांच्या खास बाटल्यांवर चार अक्षरांचा संकेत छापलेला असतो, आणि त्यावरून आत कोणते मिश्रण व कोणते यीस्ट आहे हे जाणकाराला कळते. ज्याला बर्बनची खरी गोडी लावून घ्यायची आहे, त्याने हे दहा प्रकार हळूहळू, शेजारी शेजारी ठेवून चाखावेत, असे मी नेहमी सांगतो. कोणत्याही दुर्मीळ बाटलीपेक्षा त्यातून अधिक शिकायला मिळते.

आता पॅपीविषयी. ज्युलियन ‘पॅपी’ व्हॅन विंकल हे लुईव्हिलजवळच्या स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरीचे प्रमुख होते. ती डिस्टिलरी १९३५ मध्ये सुरू झाली आणि गव्हाच्या बर्बनसाठी नावाजली गेली. १९७२ मध्ये कुटुंबाला ती विकावी लागली, कारण त्या काळात अमेरिकेतील तरुण पिढी बर्बन सोडून व्होडकाकडे वळली होती. एकामागून एक डिस्टिलरी बंद पडली, गोदामांत पिंपे पडून राहिली आणि त्यांना कोणी विचारीना. स्टिट्झेल-वेलरमधले ऊर्ध्वपातनही १९९२ मध्ये थांबले. पॅपींच्या मुलाने आणि पुढे नातवाने अशी पडून राहिलेली जुनी पिंपे निवडून बाटलीबंद केली. १९९० च्या दशकात २० वर्षांच्या बर्बनला परीक्षकांकडून अपूर्व गुण मिळाले आणि तिथून या नावाची कीर्ती सुरू झाली. म्हणजे ज्या जुन्या मद्याने पॅपीला नाव मिळवून दिले, ते मद्य मुळात विक्रीच्या मंदीमुळे शिल्लक राहिले होते. २००२ पासून व्हॅन विंकल कुटुंब केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथील बफेलो ट्रेस डिस्टिलरीबरोबर भागीदारीत काम करते, आणि आज बाजारात येणारे पॅपी तिथे तयार होते.

टंचाईचे कारणही याच इतिहासात आहे. २३ वर्षांचे बर्बन आज बाजारात आणायचे तर ते २३ वर्षांपूर्वी पिंपात भरलेले असायला हवे, आणि त्या काळात आजच्या मागणीची कोणालाच कल्पना नव्हती. १९९९ मध्ये संपूर्ण केंटकीत वर्षाला पाच लाखांहून कमी पिंपे भरली जात होती. त्यातच दरवर्षी पिंपातले काही मद्य हवेत उडून जाते. इतक्या वर्षांनी सुमारे २०० लिटरच्या पिंपात निम्म्याहून कमीच मद्य हाती लागते. कंपनीने ठरवलेली किंमत काही शे डॉलर असते, आणि परवान्याबाहेरच्या व्यवहारात तीच बाटली काही हजारांना जाते. मधला सगळा फरक टंचाईचा आहे, आणि त्याचा चवीशी काहीही संबंध नाही.

याचा पुरावा बफेलो ट्रेस डिस्टिलरीतच सापडतो. डब्ल्यू. एल. वेलर या नावाने निघणारे बर्बन पॅपीच्याच धान्यमिश्रणातून, त्याच भट्टीत तयार होते. फरक पिंपांची निवड, गोदामातली जागा आणि मुरण्याचा काळ एवढाच. काही वर्षांपूर्वी वेलर दुकानाच्या फळीवर सहज मिळे. वेलरचे १२ वर्षांचे आणि १०७ प्रूफचे (म्हणजे ५३.५ टक्के मद्यार्काचे) अशी दोन बर्बन ठरावीक प्रमाणात एकत्र करून घरच्या घरी पॅपीच्या जवळ जाणारी चव साधण्याची युक्ती शौकिनांनी शोधली, आणि ती सर्वांना कळताच वेलरही फळीवरून नाहीसे झाले. ज्यांना ते वर्षानुवर्षे आवडत होते, त्यांच्या हातून ते गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ब्लँटन्सची कथा थोडी निराळी आहे. एकाच पिंपातले मद्य दुसऱ्या कशातही न मिसळता बाटलीत भरून विकण्याची कल्पना एल्मर टी. ली यांनी १९८४ मध्ये ब्लँटन्सच्या रूपाने बाजारात आणली, आणि बर्बनच्या पुनरुज्जीवनात तिचा वाटा मोठा आहे. तिच्या बुचावर घोडेस्वाराची छोटी धातूची मूर्ती असते. मूर्तीचे आठ प्रकार असून प्रत्येकावर नावातले एक अक्षर कोरलेले असते. आठही जमवले की नाव पूर्ण होते आणि शर्यतीतल्या घोड्याची आरंभापासून विजयापर्यंतची चाल दिसते. केंटकी ही घोड्यांच्या शर्यतींची भूमी असल्याने या कल्पनेत इथल्या मातीचा अभिमान आहे. परंतु आज दुकानात शिरून खोक्यातली बाटली काढून आधी बुचावरचे अक्षर पाहणारे आणि हवे ते अक्षर नसेल तर बाटली परत ठेवणारे लोक मी पाहतो. त्या पिंपाची चव कशी आहे हा प्रश्न त्यांच्या मनात येतच नाही.

शोध घेण्यालाच माझा विरोध आहे, असा समज मात्र होऊ नये. जुन्या, धूळ खात पडलेल्या बाटल्या शोधणाऱ्यांविषयी मला आदर आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत बाटलीच्या तोंडावर कराची पट्टी चिकटवलेली असे. ती पट्टी, काचेच्या तळावरचे आकडे, लेबलवरचे डिस्टिलरीचे नाव आणि मोजमापाची पद्धत यांवरून बाटली कोणत्या काळातली हे ओळखता येते. स्टिट्झेल-वेलरच्या काळातले ओल्ड फिट्झजेराल्ड किंवा १९८७ मध्ये मालकी बदलण्यापूर्वीचे ओल्ड ग्रँड-डॅड मिळवण्यासाठी गावोगावची जुनी दुकाने धुंडाळणारा माणूस अभ्यासक असतो, आणि बहुतेक वेळा तो बाटली मिळताच मित्रांना बोलावून ती उघडतो. हरवलेली चव पुन्हा जिभेवर यावी एवढाच त्याचा हेतू असतो. केंटकीने २०१७ मध्ये कायदा करून अशा जुन्या, घाऊक बाजारात न मिळणाऱ्या बाटल्या खासगी व्यक्तींकडून विकत घेऊन विकण्याची मुभा परवानाधारक दुकानांना दिली, आणि तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

बिघडले आहे ते नव्या बाटल्यांच्या मागे लागण्यात. अमेरिकेत उत्पादक, घाऊक विक्रेता आणि दुकानदार असे तीन टप्पे कायद्याने वेगळे ठेवलेले आहेत, आणि १७ राज्यांत तर घाऊक व्यापारावर सरकारचेच नियंत्रण आहे. त्यामुळे एखाद्या दुकानाच्या वाट्याला दुर्मीळ बर्बनच्या दोन-चारच बाटल्या येतात. मग दुकानदार वर्षभर भरपूर खरेदी करणाऱ्यांसाठी त्या बाजूला ठेवतो, नको असलेल्या मालाबरोबर त्या गळ्यात मारतो, किंवा कंपनीने ठरवलेल्या किमतीच्या कित्येक पट भाव लावतो. पेनसिल्व्हेनिया, ओहायो यांसारख्या राज्यांनी सोडत काढण्याची पद्धत सुरू केली, आणि मला ती सर्वांत न्याय्य वाटते. सरकारी व्यवस्थाही मोहापासून दूर राहिली नाही. २०२३ मध्ये ओरेगॉन राज्यात मद्यनियंत्रण विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच पॅपीसारख्या बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढल्याचे उघड झाले आणि विभागाच्या संचालकांना पद सोडावे लागले. व्हर्जिनियात एका सरकारी कर्मचाऱ्याने कोणत्या दुकानात दुर्मीळ माल येणार याची गोपनीय यादी बाहेर विकल्याचे प्रकरण न्यायालयात गेले. २०१३ मध्ये खुद्द फ्रँकफर्टमधून पॅपीच्या सुमारे २०० बाटल्या चोरीला गेल्या, आणि तपासात डिस्टिलरीतल्याच कामगारांपर्यंत धागे पोहोचले.

बनावट मालाचा प्रश्न तर आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. रिकाम्या पॅपीच्या बाटल्यांनाही भाव येतो, तो कशासाठी हे सांगायला नको. देवगड हापूसच्या पेटीत दुसरीकडचा आंबा भरून विकला जातो, तसेच इथे नामांकित बाटलीत साधे बर्बन भरून नवे आवरण चढवले जाते. आंब्याची पेटी निदान उघडून पाहता येते. गुंतवणूक म्हणून घेतलेली बाटली कोणी उघडतच नाही, त्यामुळे फसवणूक वर्षानुवर्षे दडून राहते.

गुंतवणुकीच्या सल्ल्यावर माझे आणखी दोन आक्षेप आहेत. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत नाही. १२ वर्षांचे बर्बन कपाटात आणखी १० वर्षे ठेवले तरी ते १२ वर्षांचेच राहते. बूच सैल झाले तर उलट मद्य उडून जाते आणि चव बिघडते. दुसरे म्हणजे, परवान्याशिवाय मद्याची विक्री करणे केंटकीत गुन्हा आहे आणि महाराष्ट्रातही गुन्हा आहे. विकायचे ठरवले तर विकणार कोठे, हा प्रश्न लेखाने वाचकासमोर ठेवायला हवा होता. शिवाय काळ पुन्हा फिरला आहे. २०२२ नंतर दुर्मीळ बाटल्यांचे चढे भाव उतरू लागले. केंटकीच्या गोदामांत आज दीड कोटीहून अधिक पिंपे मुरत आहेत, आणि राज्याची लोकसंख्या सुमारे ४५ लाख आहे. लुईव्हिलमधला पिंपे बनवणारा एक मोठा कारखाना २०२५ मध्ये बंद झाला, आणि जिम बीमने क्लेरमाँट येथील मुख्य डिस्टिलरीतले ऊर्ध्वपातन २०२६ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले. १९७० च्या दशकात जे घडले त्याची इथल्या जुन्या लोकांना आठवण होते आहे, आणि त्यात अनेकांच्या रोजीरोटीचा प्रश्न असल्यामुळे मी हे आनंदाने लिहीत नाही.

हे सगळे महाराष्ट्रातल्या वाचकाला का सांगायचे? कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, आणि मुंबई-पुण्याच्या दुकानांत बर्बनविषयीची उत्सुकता वाढली आहे. अमेरिकेहून येणाऱ्या भाचे-पुतण्यांना तर आता येताना पॅपी किंवा ब्लँटन्स आणण्याचे आग्रह होतात. इथली मुले संकोचापोटी नाही म्हणत नाहीत आणि तिप्पट-चौपट पैसे मोजून बाटली पैदा करतात. प्रवाशाला शुल्काशिवाय दोन लिटरच मद्य आणता येते, आणि ७० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेली बाटली विमानात नेताच येत नाही. जॉर्ज टी. स्टॅग या गाजलेल्या बर्बनच्या काही वर्षांच्या बाटल्या त्या मर्यादेपलीकडच्या आहेत, म्हणून मागणी करण्यापूर्वी लेबल तपासावे.

मागायचेच असेल तर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे लेबलवर लिहिलेले बर्बन मागावे. भेसळीला कंटाळलेल्या लोकांसाठी अमेरिकेने १८९७ मध्ये हा कायदा केला: मद्य एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात तयार झालेले, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेले आणि बरोबर ५० टक्के मद्यार्काचे असले पाहिजे. इव्हान विल्यम्सचे किंवा ओल्ड ग्रँड-डॅडचे अशा प्रकारचे बर्बन इथे माफक किमतीत, रांगेत उभे न राहता मिळते. वाइल्ड टर्की १०१ ही बाटलीही तशीच सहज मिळते. तिचे मद्यनिर्माते जिमी रसेल १९५४ पासून त्या डिस्टिलरीशी जोडलेले आहेत, आणि बर्बन हलके करण्याची लाट आली तेव्हाही त्यांनी आपली चव बदलली नाही. लेबल झाकून चार-पाच पेले समोर ठेवले की या साध्या बाटल्या अनेकदा नामांकित बाटल्यांच्या पुढे जातात. हा प्रयोग मी आणि माझ्या मित्रांनी वारंवार केला आहे, आणि दर वेळी कोणाची ना कोणाची खात्रीने मांडलेली मते बदलली आहेत.

माझी आपल्याला विनंती आहे की दुर्मीळ मद्याविषयी पुन्हा लिहिताना उत्पादकाने ठरवलेली किंमत आणि काळ्या बाजारातला भाव असे दोन्ही आकडे द्यावेत, आणि खासगी पुनर्विक्री बेकायदा आहे ही माहिती मूळ लेखाला जोडून त्याच पुरवणीत, त्याच जागी प्रसिद्ध करावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
लुईव्हिल, केंटकी